एल्विराआजीचं कुंकू

विभावरीला परदेशी धाडायचं ठरलं, तेव्हा जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यातल्या त्या घरात सगळ्यांत मोठा वाद झाला तो नारळावरून. सोळा वर्षांची पोर वर्षभर इटलीत राहणार, परक्या घरी जेवणार, परक्या शाळेत शिकणार, आणि तिची आई कुंदा दिवसभर एकच विचारत होती, की विमानात शेंडीचा नारळ नेऊ देतात का.

"काहून नाही नेऊ देणार?" बाबा म्हणाले. "नारळ आहे, बॉम्ब नाही."

बाबा हे गमतीनं बोलले, पण बॉम्बची भाषा त्या घराला परकी नव्हती. बाबा, म्हणजे रत्नाकरराव, लष्करी कारखान्यात फोरमन होते. ओळखीची निम्मी मराठी बिऱ्हाडं कुठल्या ना कुठल्या कारखान्यात, उरलेली रेल्वेत नाहीतर सरकारी कचेऱ्यांत. सकाळचा भोंगा झाला की गल्लीतून सायकली निघत आणि बायका तव्यावर शेवटची पोळी टाकत. साल एकाहत्तरचं होतं. बंगालकडच्या बातम्या बऱ्या नव्हत्या, कारखान्यात ओव्हरटाइम सुरू झाला होता, आणि बाबा घरी फक्त जेवायला आणि पाठ टेकायला येत. अशात कॉन्व्हेंटमधल्या एका इटालियन सिस्टरनी विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीच्या योजनेत विभावरीचं नाव घातलं, शनिवारी बसवून तिला थोडीफार भाषा शिकवली, आणि बघता बघता निवड झालीसुद्धा. आईच्या तोंडचं पाणी पळालं. बाबा एवढंच म्हणाले, "मी जिंदगीभर लोखंड पाहिलं. तिला दुनिया पाहू दे."

मग आई हट्टाला पेटली. पोर जाणार तर घरच्या रीतीनं जाणार. बॅगेत शेंडीचा नारळ गेला, इरकली खण गेला, तांदूळ गेले आणि हळदीकुंकवाचा करंडा गेला. "पोचल्या दिवशी यजमानीणबाईची ओटी भर. घरात दुसरी कोणी सवाष्ण असली तर तिलाही कुंकू लाव. रिकाम्या हातानं कोणाच्या घरात शिरायचं नाही, समजली?"

निघायच्या वेळी आईनं तिला कुंकू लावलं, हातावर दही घातलं. शेजारच्या बायका दारात जमल्या. नर्मदाआत्या तेवढी दिसेना. ती कुठे असेल हे विभावरीला ठाऊक होतं: स्वयंपाकघराच्या दाराआड.

नर्मदाआत्या बाबांची थोरली बहीण. तिचे यजमान रामराव फौजेत कारकून होते. बेचाळीस साली ब्रह्मदेशातून माघार घेताना ते बेपत्ता झाले. मेल्याची खबर नाही, असल्याची नाही. रीतीप्रमाणे बारा वर्षं वाट पाहिली. बारा वर्षं आत्या रोज ठसठशीत कुंकू लावून दाराकडे बघत राहिली. मग भटजींनी दर्भाचा पुतळा केला, त्याचं क्रियाकर्म झालं, आणि एका सकाळी आत्याचं कुंकू पुसलं गेलं. विभावरी जन्मली ती त्याच्या पुढच्या वर्षी. म्हणजे तिनं आत्याचं कपाळ पाहिलं ते पांढरंच. तिला न्हाऊ घालणारी, तिच्या वेण्या घालणारी, तिची दुखणी काढणारी आत्याच. पण घरात हळदीकुंकू असलं किंवा कोणी प्रवासाला निघालं, की आत्या आपसूक आत जायची. तिला कोणी जा म्हणत नसे. म्हणायची वेळच ती येऊ देत नसे.

विभावरी पाया पडायला आत शिरली तशी आत्या मागे सरली. "इकडे काहून आली? जा, बाहेरच्या बाहेर नीघ. माझं तोंड पाहून जाऊ नको."

"कुछ भी, आत्या," असं म्हणून विभावरीनं तिचे पाय धरलेच. आत्यानं तिच्या पाठीवरून हात फिरवला, पण तोंड भिंतीकडे करून. विभावरीला मुंबईपर्यंत गाडीत आणि पुढं विमानात तीच भिंतीकडे वळलेली आत्या दिसत राहिली, आणि खिडकीतून बघायचं सोडून ती रडत राहिली.

उंब्रियाच्या डोंगरांत वसलेलं ते गाव पोलादाच्या कारखान्याचं होतं. घरात पाऊल टाकलं आणि बाहेर भोंगा झाला. विभावरीला हसूच आलं. सात समुद्र ओलांडून यावं आणि पुढ्यात काय, तर भोंगा! यजमान ब्रूनो त्याच कारखान्यात भट्टीवर होते. त्यांची बायको आसुंता ठेंगणी, गोरीपान आणि आवाजानं अशी, की तिनं प्रेमानं जेवायला बोलावलं तरी नवख्या माणसाला वाटावं भांडण लागलं. आणि तिसरी ब्रूनोची आई, एल्विरा. तिला घरात सगळे नोन्ना म्हणत, म्हणजे आजी. नोन्ना नखशिखांत काळ्या कपड्यांत होती. डोक्याला काळा रुमाल, पायांत काळे मोजे. पण कानांत सोन्याच्या रिंगा, आणि बोटात लग्नाची अंगठी एक सोडून दोन.

आता इथं विभावरीची चूक झाली, आणि ती मराठी पोरीचीच व्हावी अशी चूक होती. तिच्या लेखी विधवा बाई म्हणजे पांढरं नाहीतर मळकट लुगडं, बोडके कान, रिकामे हात. काळं कोण नेसतं? संक्रांतीला सवाष्णी नेसतात! आईची काळी चंद्रकळा पेटीतून वर्षात एकदा निघे आणि त्या दिवशी आई केवढी छान दिसे. तेव्हा कानांत सोनं, बोटांत दोन-दोन अंगठ्या आणि अंगभर काळं, अशी ही आजी म्हणजे सवाष्णींतली सवाष्ण, अशी तिची पक्की खात्री झाली; आजोबा दिसत नव्हते, ते परगावी कामाला असतील असं तिनं धरून टाकलं.

आधी तिनं आसुंताची ओटी भरली. पदर नव्हता, म्हणून आसुंताला एप्रन पुढं धरायला लावला. तांदूळ ओतले, खण ठेवला, नारळ ठेवला. नारळ पाहून ब्रूनो हातोडी आणायला धावले. मग ती नोन्नाकडे वळली आणि हळद लावून रुपयाएवढं कुंकू तिच्या कपाळावर रेखलं.

आसुंता ब्रूनोकडे बघू लागली. ब्रूनो हातोडी घेऊन दारातच उभे राहिले. नोन्ना उठली, भांड्यांच्या कपाटाच्या काचेत तिनं स्वतःला निरखलं, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, आणि दातांची फट दाखवत हसली. विभावरीला वाटलं, चला, आईची आज्ञा पार पडली.

दुसऱ्या दिवशी नोन्ना त्याच कपाळानं चर्चमध्ये गेली. पुढच्या रविवारी तिनं न्याहारीच्या टेबलाशी येऊन कपाळ पुढं केलं आणि बोट टेकवून दाखवलं, इथं. त्यानंतर तो रविवारचा नेमच झाला.

त्या घराची तिला लवकर सवय लागली. सकाळी वाडग्यात दूध-कॉफी आणि त्यात बुडवायला बिस्किटं. आज सत्तरीतही मदन महल भागातल्या घरी विभावरीबाई वाडग्यातच कॉफी घेतात आणि नातवंडं त्यांना हसतात. दुपारी शाळेतून आलं की सगळ्यांनी एकत्र बसून जेवायचं, आणि जेवताना फक्त जेवणाबद्दल बोलायचं. विभावरी मटण-कोंबडी खात नाही हे आसुंताला पटलं होतं, पण कोंबडीचं पाणी म्हणजे कोंबडी हे काही केल्या पटत नव्हतं. "पाणी आहे, मुली, पाणी!" ती वाडगा पुढं करून ओरडायची. शेवटी नोन्नानंच तिच्यासाठी मसुराचं वरण वेगळं शिजवायला सुरुवात केली. त्यात फोडणी नव्हती, पण ऊन होतं. परदेशात शौचाला पाणी मिळेल का, ही आईची घोर काळजी; पण न्हाणीघरात पाण्याची अशी झकास सोय निघाली, की विभावरीनं मनातल्या मनात इटालियन लोकांना शंभरापैकी शंभर गुण देऊन टाकले. आणि संध्याकाळी नोन्ना आणि ती खिडकीशी बसून शेंगा सोलत. आत्याबरोबर ती दीक्षितपुऱ्यात अशीच मटार सोलत बसायची. तिनं नोन्नाला आत्याबद्दल सांगितलं, दाराआडचं सगळं सांगितलं. तिच्या मोडक्यातोडक्या भाषेतून नोन्नाला किती कळलं देव जाणे, पण ती सोलायची थांबून ऐकत राहिली.

नोव्हेंबर लागला आणि घरात शेवंती आली. पिवळी, पांढरी, ढिगानं. विभावरीला दसऱ्याची आठवण होऊन भरून आलं. तिनं एक टपोरं फूल वेणीत खोवलं आणि मिरवत स्वयंपाकघरात गेली. आसुंता किंचाळली. तिनं ते फूल ओढून काढलं, छातीवर क्रूस केला आणि सांगितलं, की हे मेलेल्यांचं फूल. आज मृतांचा दिवस. म्हणजे आपली सर्वपित्री, विभावरीच्या लक्षात आलं.

सगळे मिळून दफनभूमीत गेले. तिथं एका दगडावर तरुण माणसाचा फोटो होता, फौजी टोपीतला. नोन्नानं त्याच्यापुढं शेवंती ठेवली आणि बोटातली दुसरी अंगठी फोटोला लावून परत घेतली.

"हे कोण?" विभावरीनं आसुंताला विचारलं.

"सासरे. रशियाच्या आघाडीवर गेले ते परतलेच नाहीत. खाली काही नाही, नुसता दगड आहे. ती अंगठी त्यांची. जाताना घरी काढून ठेवली होती. तेव्हापासून नोन्ना काळ्यात आहे."

विभावरीला सगळं उमगलं. आपण एका विधवेला कुंकू लावलं. एकदा नव्हे, दर रविवारी लावलं. आणि आईच्या करंड्यातलं लावलं! त्या दिवसापासून ती नोन्नाची नजर चुकवू लागली. रविवारी सकाळी पोटात दुखतंय म्हणून अंथरुणातच पडून राही.

एवढ्यानं भागलं असतं तर बरं. पण डिसेंबर उजाडला आणि लढाई पेटली. टीव्हीवर विमानं दिसायला लागली. जबलपुरात ब्लॅकआउट असेल, खिडक्यांना काळे कागद लागले असतील, आणि बॉम्ब टाकायचेच झाले तर कारखाना सोडून दुसरीकडे कशाला टाकतील? बाबा तर आता चोवीस तास तिथंच. घरून काही कळेना. विभावरीच्या मनानं घेतलं, की हे सगळं आपल्यामुळं होतंय. आपण जे कुंकू भलत्या कपाळाला लावलं, ते आता देव आईच्या कपाळावरून वसूल करणार. कोणाला सांगायची सोय नाही. तिचं जेवण तुटलं, शाळेत लक्ष लागेना.

नाताळाची तयारी चालली होती. नोन्ना सूपमध्ये सोडायच्या कणकेच्या छोट्या टोप्या वळत बसली होती. तिनं विभावरीला हाताला धरून शेजारी बसवलं आणि म्हणाली, "वळ. आणि सांग."

विभावरीनं रडत रडत सगळं सांगितलं. काळी चंद्रकळा, सवाष्ण, विधवा, आई, बाबा, भोंगा. सांगताना ती निम्मं मराठीत बोलत होती हे तिला कळलंही नाही.

नोन्नानं पिठाचे हात एप्रनला पुसले. "लढाई तुझ्या त्या लाल टिकल्यानं होत नाही," ती म्हणाली. "माझ्या वेळी तर मी टिकला लावलाच नव्हता. तरी झाली. तरी तो गेला." मग तिनं स्वतःच्या कपाळावर बोट ठेवलं. "नवरा गेला. कपाळ कुठं गेलं? ते माझं आहे ना?"

विभावरीनं असलं बोलणं जन्मात ऐकलं नव्हतं. तिला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं. मग नोन्नानं करंडा आणायला लावला. पिठाचं बोट उमटलेल्या त्या कपाळावर विभावरीनं त्या दिवशी पुन्हा कुंकू लावलं.

लढाई आटोपली. नाताळाच्या आधीच घरून तार आली, सगळे खुशाल. आसुंतानं ती तार साऱ्या गल्लीत वाचून दाखवली, जणू तिचाच बाप कारखान्यातून परत आला होता. विभावरी त्या बाईच्या गळ्यात पडली आणि पहिल्यांदा, कोणी न सांगता, तिला आई म्हणाली.

उन्हाळ्यात परत निघायची वेळ झाली. विभावरीनं वाकून नमस्कार केला, तर पोरीला भोवळ आली म्हणून आसुंतानं तिला बखोटीला धरून उचललं. नोन्ना मात्र सगळ्यांच्या पुढं, ऐन दारात, काळ्या कपड्यांत आणि लाल कुंकवात उभी राहिली. तिनं विभावरीच्या हातात एक छोटा गोल आरसा ठेवला, झाकणाचा, तिच्या तरुणपणातला. "दाराआड असते ना, तिला दे." नोन्नाचं तोंड पाहून विभावरी निघाली. विमान काही पडलं नाही.

घरी आल्यावर पहिले चार दिवस कौतुकात गेले. पाचव्या दिवशी विभावरीनं नोन्नाच्या कुंकवाची गोष्ट सांगितली. तिला वाटलं होतं आई हसेल. आईचा चेहरा उतरला, मग लाल झाला.

"माझ्या करंड्यातलं? आणि बाबा तिकडे कारखान्यात असताना? अक्कल गहाण टाकून आलीस का?"

"आई, ती म्हणाली, नवरा गेला, कपाळ कुठं गेलं?"

"त्यांच्यात चालत असेल. आपल्यात बोलूसुद्धा नको."

आत्या तिथंच भाजी निवडत होती. विभावरीनं सगळ्यांदेखत आरसा तिच्यापुढं धरला. आत्यानं झाकण उघडलं, आत डोकावली आणि लगेच मिटलं. "अच्छा आहे," एवढंच म्हणाली आणि आरसा पदरात बांधून आत गेली. मागाहून विभावरी करंडा घेऊन तिच्याकडे गेली, तेव्हा आत्यानं तिचा हात अडवला. "नको ग बाई. आता सवय गेली. आणि तुझी आई घाबरते. तिला काहून त्रास देऊन राहिली?"

आरसा पेटीत गेला. विभावरी शिकली, शिक्षिका झाली, मदन महलच्या श्रीरंगशी तिचं लग्न झालं. लग्नात आत्या आतल्या खोलीत बसून अक्षता निवडत होती, आणि मांडवात तिची जागा रिकामी आहे हे एकट्या विभावरीला दिसत होतं. तिकडे नोन्ना गेली. आसुंताचं नाताळाचं कार्ड मात्र येत राहिलं.

बाबा निवृत्त झाले आणि वर्षभरातच गेले. झोपेतच गेले, कारखान्यानं नाही, लढाईनं नाही. दहाव्याला बायका जमल्या आणि रीत पार पडली. आईचं कुंकू पुसलं, मंगळसूत्र उतरलं. विभावरी भांडली, पण आईनंच तिला हातानं दूर सारलं. आई रडली नाही. तेरा दिवस ती दगडासारखी बसून होती.

चौदाव्या दिवशी विभावरी आपल्या घरी जायला निघाली. लेक सासरी निघाली की आई आजवर तिला हळदकुंकू लावून, हातावर दही घालून मगच दार सोडू देत असे. विभावरी चपला घालून थांबली. आई पुढं येईना.

"शकूला हाक मार," आतून आवाज आला. शकू म्हणजे शेजारची सून. "ती लावेल तुला कुंकू. मी नाही."

विभावरी आत गेली. आई स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती. तीच जागा. तोंड भिंतीकडे.

"इकडे नको येऊ, बेटा. माझं तोंड पाहून जाऊ नको."

तेवढ्यात मागे पेटीचं झाकण वाजलं. नर्मदाआत्या गुडघ्यावर हात टेकत आली. एका हातात आईचा करंडा, दुसऱ्या हातात तो गोल आरसा. साऱ्या घरानं तिला आयुष्यभर आत जाताना पाहिलं होतं. पुढं येताना विभावरी पहिल्यांदाच पाहत होती. तिनं आईच्या खांद्याला धरून तिला भिंतीकडून वळवलं आणि आरसा तिच्यासमोर धरला.

"कुंदा, पाहा इकडे," आत्या म्हणाली. "रत्नाकर गेला. माझा भाऊ होता तो, मला नाही का दुःख? पण कपाळ कुठं गेलं?"

आईनं आरशात पाहिलं आणि तेरा दिवसांचं रडू एकदम बाहेर पडलं. ती हमसून हमसून रडली. आत्यानं तिला रडू दिलं. मग तिनं करंड्यात बोट बुडवून वर केलं, तर आईनं तिचं मनगट धरलं. विभावरीला वाटलं, झालं, आता नको म्हणणार.

"थांबा, वन्सं," आई म्हणाली. "आधी तुम्हाला."

तिनं स्वतःच्या बोटावर कुंकू घेतलं आणि नणंदेच्या कपाळावर लावलं. ते जरा वाकडंच लागलं. आत्यानं डोळे मिटून घेतले होते. मग तिनं आईला लावलं, आणि दोघींनी मिळून विभावरीला. दही आणायला आत्याच गेली.

दोघी दारापर्यंत आल्या, उंबऱ्यात शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. विभावरी दोघींची तोंडं पाहून निघाली.